परत केव्हां फिरावें?

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय आकाशांतील आहे. परंतु त्यांतील मुख्य प्रश्न जमिनीवरचाच आहे. हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर सोडून परत फिरावें, कीं नेटानें पुढें जावें, हा तो प्रश्न होय. शेतकरी, व्यापारी, प्रवासी, विद्यार्थी, या सर्वांस तो कधीं ना कधीं पडतो. तुम्हांआम्हांस त्याचें उत्तर शोधावयास दिवस, निदान कांहीं तास तरी मिळतात. लहान खासगी विमान चालविणाऱ्या माणसापुढें हवा बिघडूं लागली म्हणजे त्याच्या वांट्यास येतात तीं मिनिटें. आणि तीं संपल्यावर केलेला निर्णय फिरविण्याची सोय बहुधा उरत नाहीं.

मी स्वतः वैमानिक नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना गणित आणि सृष्टिविज्ञान शिकविण्यांत गेलें. निवृत्त झाल्यावर विमान-अपघातांच्या चौकशीचे अहवाल वाचण्याचा नाद लागला, आणि एक गोष्ट वारंवार नजरेस येऊं लागली. कित्येक अपघातांत यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत शाबूत असतें, टाकींत इंधन असतें, चालविणारा निरोगी व समंजस असतो. आणि तरीही विमान डोंगरावर अगर समुद्रांत जाऊन आदळतें. तें कसें घडतें आणि कसें टाळतां येतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम खासगी वैमानिक म्हणजे कोण तें पाहूं. जो भाडें किंवा पगार न घेतां, हौसेखातर अथवा स्वतःच्या कामासाठीं विमान चालवितो, तो खासगी वैमानिक. मोठ्या प्रवासी विमानांत दोन चालक असतात. हवामानाची माहिती पुरविणारे, मार्ग आंखणारे, इंधनाचा हिशेब ठेवणारे लोक जमिनीवर बसलेले असतात. खासगी वैमानिक बहुधा एकटा असतो. विमान हांकणारा तोच, हवा वाचणारा तोच, आणि "आज जाऊं नये" असें म्हणण्याचा अधिकारही त्याचाच. शेजारीं बसलेले असतात ते त्याचे मित्र किंवा घरचीं माणसें. तीं त्याच्यावर विसंबून असतात. त्याला अडवीत नाहींत.

उड्डाणाच्या दोन रीति आहेत. एक डोळ्यांच्या आधारानें उडण्याची, व दुसरी केवळ यंत्रांच्या आधारानें उडण्याची. पहिल्या रीतींत वैमानिक जमीन, डोंगर, नद्या आणि विशेषेंकरून क्षितिज पाहून विमान सरळ ठेवतो. दुसऱ्या रीतीला वेगळें शिक्षण, वेगळी परीक्षा आणि सतत सराव लागतो. पहिल्या रीतीनें उडणाऱ्यानें ढगांत शिरूं नये असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें सर्वसाधारण उंचीवर त्याला निदान 5 किलोमीटरपर्यंतचें दिसलें पाहिजे, आणि ढगापासून त्यानें बाजूनें 1,500 मीटर व वरखालीं 300 मीटर अंतर राखलें पाहिजे.

हे आंकडे कोणी उगीच कागदावर मांडलेले नाहींत. आपण थोडें गणित करूं. लहान विमानाचा वेग ताशीं 180 किलोमीटर धरा. म्हणजे मिनिटाला 3 किलोमीटर, सेकंदाला 50 मीटर. पांच किलोमीटरपर्यंतचें दिसत असेल तर समोर दिसलेला डोंगर गांठावयास 100 सेकंद लागतील. दीड किलोमीटरपर्यंतचेंच दिसत असेल तर 30 सेकंद. आतां परत फिरावयास किती लागतें तें पाहूं. वैमानिक ज्याला नेमस्त वळण समजतात त्या वळणांत विमान सेकंदाला 3 अंश वळतें. म्हणजे पूर्ण उलट फिरावयास एक मिनिट. त्या मिनिटांत विमान 3 किलोमीटरांचें अर्धवर्तुळ काढतें. अर्धवर्तुळाची लांबी 3 किलोमीटर, तर त्याचा व्यास सुमारें 1,900 मीटर. म्हणजे दोन डोंगरांमधील दरींतून जातांना परत फिरावयाचें असेल, तर जवळजवळ दोन किलोमीटर मोकळी रुंदी बाजूस हवी आणि सुमारें एक किलोमीटर पुढें हवें. अधिक कलून वळल्यास हें वर्तुळ लहान होतें खरें. पण घाबरलेल्या माणसानें धुक्यांत तीव्र वळण घेणें हा स्वतंत्रच धोका आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परत फिरण्याची जागा वाट दिसेनाशी होण्याच्या पुष्कळ आधीं संपते. अगदींच दिसेनासें झालें म्हणजे फिरूं, असें जो म्हणतो त्यानें हें गणित केलेलें नसतें.

कोणी म्हणेल, खंडाळ्याच्या घाटांत धुकें पडल्यावर मोटारी चालतातच ना? चालतात, कारण मोटारीला हळू जातां येतें, आणि वेळ पडल्यास कडेला थांबतां येतें. विमानाला थांबतां येत नाहीं. ठराविक वेगाच्या खालीं तें गेलें कीं पंखांना हवेचा आधार पुरेनासा होतो. मोटारचालकाला रस्ता दिसला नाहीं तरी खालीं कोणतें आणि वर कोणतें हें कळत असतें. ढगांत शिरलेल्या अशिक्षित वैमानिकाला नेमकें तेंच कळेनासें होतें. ही गोष्ट ऐकणाऱ्यास खरी वाटत नाहीं, म्हणून ती जरा उलगडून सांगतों.

आपल्या कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्यांत द्रव असतो. डोकें फिरलें कीं नळी फिरते. द्रव मात्र जडत्वामुळें क्षणभर मागें राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण समजतें. हें घरींही पाहतां येईल. एका गोल भांड्यांत पाणी घ्या, त्यावर तुळशीचें पान सोडा, आणि भांडें हळू एकसारखें फिरवूं लागा. आरंभीं भांडें फिरतें व पान जागच्या जागीं राहतें. थोड्या वेळानें पाणी व पान भांड्याबरोबर फिरूं लागतात. आतां दोहोंत फरक उरला नाहीं. भांडें एकदम थांबवा. पान फिरतच राहतें. कानांतील द्रवाचें असेंच आहे. विमान कांहीं वेळ एकसारखें वळत राहिलें कीं तें सरळ जात आहे असें वाटूं लागतें. आणि तें खरोखर सरळ केलें कीं उलट बाजूस वळत असल्याचा भास होतो. शिवाय फार हळू सुरू झालेलें वळण कानाला मुळींच कळत नाहीं. एरवीं डोळे ही चूक सुधारतात. ढगांत डोळ्यांपुढें पांढरा पडदा असतो, आणि सुधारणारें कोणी राहत नाहीं.

अमेरिकेच्या सैन्यांतील विल्यम ऑकर नांवाच्या अनुभवी वैमानिकास 1926 सालीं वैद्यकीय तपासणीच्या वेळीं फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसविण्यांत आलें, तेव्हां खुर्ची कोणत्या बाजूस फिरते आहे हें त्याला बिनचूक सांगतां येईना. त्यानें त्यावरून निष्कर्ष काढला कीं अंगच्या जाणिवेवर विसंबणारा कोणताही वैमानिक ढगांत फसणारच. पुढें 24 सप्टेंबर 1929 रोजीं जेम्स डूलिटल यानें बाहेरचें कांहीं न पाहतां, केवळ यंत्रांकडे पाहून विमान उडविलें, फिरविलें व उतरविलें. त्यांत कृत्रिम क्षितिज दाखविणाऱ्या यंत्राचा मोठा वांटा होता. म्हणजे ढगांतून सुखरूप जाण्याची विद्या अस्तित्वांत आहे. पण ती विद्या आहे, शिकावी लागते, आणि सराव सुटला कीं बोथट होते.

ती न शिकलेल्याचें काय होतें? 1954 सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्रांच्या आधारानें उडण्याचें शिक्षण न झालेले 20 जण निवडले. शेजारीं शिक्षक बसविला, आणि त्यांना बाहेरचें दिसूं नये अशी व्यवस्था केली. विसांपैकीं एकालाही विमान सांभाळतां आलें नाहीं. कोणाचा ताबा 20 सेकंदांत सुटला, कोणाचा 480 सेकंदांत. सरासरी निघाली 178 सेकंद. तीन मिनिटेंही पुरीं नाहींत. एकोणीस जणांचीं विमानें एकाच प्रकारच्या संकटांत सांपडलीं, आणि तो प्रकार समजून घेण्यासारखा आहे.

विमान नकळत एका बाजूस कलतें. कललें म्हणजे पंखांच्या उचलण्याच्या शक्तीचा कांहीं भाग वळण्यांत खर्च होतो, वर धरून ठेवणारी शक्ति कमी पडते, आणि नाक खालीं झुकतें. वेग वाढतो. वाऱ्याचा आवाज चढतो, उंचीमापकाचा कांटा उतरूं लागतो. आपण सरळच आहों, फक्त खालीं जात आहों, असें वैमानिकास वाटतें. म्हणून तो दांडा आपल्याकडे ओढतो. पण विमान कललेलें असल्यामुळें त्या ओढण्यानें तें वर न येतां वळण अधिक आंवळतें व विमान अधिक वेगानें खालीं जातें. बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात तो असा. आधीं पंख समतल करावे आणि मग नाक उचलावें, एवढाच उपाय आहे. परंतु पंख कलले आहेत हेंच त्याला पटत नसतें.

त्या प्रयोगाचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाहीं. संशोधकांचा हेतु भिवविण्याचा नव्हता. यंत्राकडे पाहून विमान शांतपणें उलट फिरवून ढगांतून बाहेर काढण्याची एक साधी रीति त्यांनीं त्याच लोकांना शिकविली, आणि ती त्यांना चांगली साधली. तात्पर्य, ढगांतून प्रवास करण्याइतकी नाहीं, तरी परत फिरण्यापुरती विद्या थोड्या शिक्षणानें येते. खासगी परवान्यासाठीं शिकणाऱ्यांस आज अनेक देशांत ती शिकवितात.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हें सारें पुस्तकांत आहे, परीक्षेंत विचारतात, आणि प्रत्येक वैमानिकानें ऐकलेलें असतें. मग जाणता माणूस पुढें कां जातो?

16 जुलै 1999 च्या रात्रीं अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव धाकटे जॉन केनेडी हे पत्नी व मेहुणी यांच्यासह न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड या बेटाकडे स्वतः विमान चालवीत निघाले. डोळ्यांच्या आधारानें उडण्याचाच परवाना त्यांच्यापाशीं होता. पुढचें शिक्षण सुरू होतें, पण पुरें झालें नव्हतें. रात्र अंधारी होती, हवेंत विरळ धुरकट पडदा होता. वाटेवरच्या विमानतळांवरील नोंदी मात्र कायद्याच्या मर्यादेंत बसणाऱ्या होत्या. किनारा मागें टाकून समुद्रावरील शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हां खालीं दिवा नाहीं आणि समोर क्षितिज नाहीं, अशी स्थिति झाली. त्या रात्रीं त्या भागांत उडालेल्या इतर वैमानिकांनींही पाण्यावर क्षितिज दिसत नव्हतें असें पुढें सांगितलें. विमान समुद्रांत कोसळून तिघेंही मृत्यु पावलीं. रात्रीं पाण्यावरून उतरतांना दिशाभ्रम होऊन ताबा सुटला, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. येथें ढगही लागला नाहीं. कायद्यानें परवानगी दिली म्हणजे निसर्गानेंही दिली असें होत नाहीं, हा या घटनेचा पहिला धडा.

दुसरी घटना खासगी वैमानिकाची नाहीं. पण अनुभव सर्वांना तारतो या समजुतीस ती उत्तर देते. 26 जानेवारी 2020 रोजीं कॅलिफोर्नियांत बास्केटबॉलचे विख्यात खेळाडू कोबी ब्रायंट, त्यांची कन्या व इतर मंडळी यांना घेऊन निघालेलें हेलिकॉप्टर टेंकडीवर आदळलें, आणि चालकासह नऊ जण गेले. चालकास आठ हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. यंत्रांच्या आधारानें उडण्याची परीक्षाही तो उत्तीर्ण होता. परंतु त्या कंपनीला तशा उड्डाणाची परवानगी नव्हती, आणि हें उड्डाण डोळ्यांच्या आधारानेंच व्हावयाचें होतें. खालीं ढग दाटले, तेव्हां त्यानें वर चढत असल्याचें नियंत्रकास कळविलें. त्याच वेळीं हेलिकॉप्टर वस्तुतः वळत खालीं येत होतें. चौकशी मंडळानें आणखी एक गोष्ट तपासली: "पोंचवाच" असें त्याला कोणी सांगितलें होतें काय? कंपनीनें नाहीं, प्रवाशानें नाहीं. तसा दबाव कोणी आणल्याचा पुरावा मिळाला नाहीं. दबाव होता तो त्यानें स्वतःच स्वतःवर घातलेला, असा निष्कर्ष मंडळानें 2021 सालीं दिला. आणि त्याबरोबर, एकदां आंखलेला बेत परिस्थिति बदलली तरी पुढें रेटीत नेण्याची मनाची प्रवृत्ति, हेंही एक कारण सांगितलें.

ही प्रवृत्ति काय चीज आहे? मानसशास्त्रज्ञांनीं तिचा शोध घेतला आहे. 1995 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत वैमानिकांपुढें एकच प्रसंग दोन तऱ्हांनीं मांडला होता. परत फिरल्यानें काय मिळतें, अशा रीतीनें ज्यांनीं प्रसंगाकडे पाहिलें, ते पुढें रेटण्यास कमी तयार होते. परत फिरल्यानें काय गमावतें, अशा रीतीनें ज्यांनीं पाहिलें, ते पुढें जाण्यास अधिक तयार होते. ढग तेच, विमान तेंच. शब्द बदलले आणि निर्णय बदलला. वेळ गेला, इंधनाचे पैसे गेले, लग्नाचा मुहूर्त चुकणार, हे शब्द मनांत घोळत असतील तर माणूस पुढें जातो. चौघेंजण आज रात्रीं आपापल्या घरीं जेवतील, हा विचार मनांत असेल तर तो परत फिरतो.

2002 सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत उड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर वैमानिकांना बिघडत जाणारी हवा दाखविली. कोणाला ती प्रवासाच्या आरंभीं भेटली, कोणाला उशिरां. आरंभीं भेटलेले लोक लवकर परततील असा आपला तर्क असतो. निघालें उलटें. ज्यांना वाईट हवा लवकर भेटली, ते तिच्यांत अधिक वेळ घुसत राहिले, आणि हवेविषयींचा त्यांचा अंदाजही अधिक आशावादी होता. सकाळीं हवामानाच्या पत्रकांत चांगलें वाचलेलें मनांत ताजें असतें. म्हणून समोरचें वाईट हें तात्पुरतें असावें असें वाटत असेल, असा मीं त्याचा अर्थ लावतों.

ऑस्ट्रेलियांतील वाहतूक-सुरक्षा मंडळानें 2005 सालीं प्रत्यक्ष घटनांच्या नोंदी तपासल्या. डोळ्यांच्या आधारानें उडणारे ढगांत शिरण्याचा संभव प्रवास जसजसा पुढें जाई तसतसा वाढत असे, आणि एकंदर अंतराच्या शेवटच्या पांचव्या हिश्श्यांत तो सर्वांत अधिक असे. येथें मुक्कामाचें आकर्षण उघड आहे. हातातोंडाशीं आलेला घास कोणाला सोडवत नाहीं. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतील. पण ते दोन वेगळ्या मोहांचें वर्णन करतात असें मला दिसतें. आरंभीं आशा माणसाला पुढें नेते, आणि शेवटीं मुक्कामाचें सान्निध्य. परत फिरणें सोपें वाटेल असा प्रवासाचा कोणताही भाग नाहीं, हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे त्या निर्णयाची तयारी निघण्यापूर्वींच कां करावयाची तें समजतें.

यांत हवेचा एक स्वभावही भर घालतो. ती भिंतीसारखी एकदम पुढें उभी राहत नाहीं. डोंगरांची कड पुसट होते, मग माथे जातात. ढगांचा तळ थोडा खालीं येतो, म्हणून वैमानिक थोडा खालीं येतो. पुन्हां तळ खालीं येतो, पुन्हां तोही. प्रत्येक पायरी मागील पायरीहून किंचितच वाईट असते, आणि मन मागील पायरीशीं तुलना करून म्हणतें, फारसा फरक पडला नाहीं. निघतांनाच्या हवेशीं तुलना कोणी करीत नाहीं. अशा रीतीनें उतरत उतरत तो अशा ठिकाणीं येतो, कीं तेथून आरंभ करावयास त्याला कोणी सांगितलें असतें तर त्यानें साफ नकार दिला असता.

अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या शिक्षणपुस्तकांत मनाच्या पांच घातक वृत्ति सांगितल्या आहेत. मला कोणी शिकवूं नये, ही एक. कांहींतरी चटकन करून टाकावें, ही दुसरी. माझ्या बाबतींत असें व्हावयाचें नाहीं, ही तिसरी. मी करून दाखवितों, ही चौथी. आणि आतां माझ्या हातांत काय आहे, ही पांचवी. प्रत्येकीस उतारा म्हणून एकेक वाक्य पाठ करावयास सांगितलें आहे. नियम बहुधा बरोबर असतात. घाई नको, आधीं विचार. हें माझ्याही बाबतींत घडूं शकेल. जीव धोक्यांत घालणें हा मूर्खपणा आहे. मी अगतिक नाहीं, मला कांहीं करतां येईल. माझ्या मतें पांचवें उत्तर सर्वांत मोलाचें. कारण शेवटच्या दोन मिनिटांत हातपाय गाळणारा माणूस हातीं असलेला उपायही करीत नाहीं.

आजचा वैमानिक म्हणेल, माझ्यापाशीं उपग्रहांवरून जागा दाखविणारा नकाशा आहे, पावसाचें चित्र डोळ्यांपुढें आहे. हीं साधनें उत्तम आहेत. पण पावसाचें तें चित्र म्हणजे निरनिराळ्या रडारांच्या नोंदी जुळवून केलेली व मग पाठविलेली तसबीर असते. चित्रावर जें वय छापलेलें दिसतें त्याहून प्रत्यक्ष नोंद कांहीं प्रसंगीं 15 ते 20 मिनिटें जुनी असूं शकते, असा इशारा अमेरिकेच्या चौकशी मंडळानें 2012 सालीं दिला. मघांच्या हिशेबानें 20 मिनिटांत आपलें विमान 60 किलोमीटर जाईल, आणि वादळही एका जागीं बसून राहणार नाहीं. वादळाला दुरून वळसा घालावयास तें चित्र उपयोगी आहे. दोन सरींमधील फट शोधून त्यांतून जावयास तें नाहीं.

मग शहाणे वैमानिक काय करतात? ते निर्णयाचा मोठा भाग जमिनीवर, खुर्चीत बसून, चहा घेत असतांना उरकून टाकतात. कायद्यानें 5 किलोमीटर पुरे म्हटलें तरी माझ्या अनुभवाला 8 हवेत, ढगांचा तळ अमुक उंचीच्या खालीं आला कीं मी फिरणार, हें ते आंकड्यांत आणि कागदावर लिहितात. कारण लिहिलेल्या आंकड्याशीं घासाघीस करतां येत नाहीं. वाटेंत उतरतां येईल असे दोन तीन विमानतळ ते आधींच हेरून ठेवतात. मुक्काम गांठून पुन्हां दुसरीकडे जातां येईल इतकें इंधन घेतात. अमुक नदी किंवा अमुक गांव आलें कीं तेथें हवा नव्यानें तपासावयाची, असें ठरवितात. आणि त्या वेळीं मागील मैलाशीं नव्हे, तर कागदावरील आंकड्याशीं तुलना करतात. पोंचावयाच्या गांवीं निरोप देऊन ठेवतात कीं हवा बरी असेल तर येऊं, नाहीं तर उद्यां, नाहीं तर आगगाडीनें. परतीची आगगाडी किंवा एक रात्रीचा मुक्काम आधींच धरून ठेवला, म्हणजे परत फिरण्याची किंमत उतरते, आणि मन मोकळें राहतें.

इतकें करूनही कोणी ढगांत सांपडलाच तर काय? त्याला शिकविलेलें असतें कीं आधीं अंगाच्या जाणिवेचें ऐकणें सोड. कृत्रिम क्षितिजाकडे पाहून पंख समतल कर. मग हलक्या, नेमस्त वळणानें आलास त्या दिशेस फीर. खालीं डोंगर आहेत हें विसरून एकदम उतरूं नको. आणि नियंत्रकाला स्पष्ट सांग कीं मी ढगांत आहें, मला मदत पाहिजे. हें सांगण्याची लाज वाटून कित्येकजण शेवटपर्यंत गप्प राहिले आहेत.

निर्णय आधींच करून ठेवण्याची ही रीति आपल्याला परकी नाहीं. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यांत घालावयाची नाहीं, हा कोकणांतील कोळ्यांचा जुना रिवाज. आज लाट लहान दिसते, जाऊन पाहूं, असा वाद रोज सकाळीं किनाऱ्यावर उभें राहून घालावा लागूं नये, हें त्यांतील शहाणपण. भारतांतील विमानविद्येच्या आरंभींही असा दाखला आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन आपलें लहानसें पस मॉथ विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविलें. तें मैदान पावसाळ्यांत पाण्याचिखलानें निरुपयोगी होई. म्हणून तेवढे महिने ती टपालसेवा जुहूऐवजीं पुण्याहून चालवीत. आज उतरतां येईल कीं नाहीं, याची परीक्षा रोज विमान आकाशांत असतांना पाहण्यापेक्षां कोरड्या जमिनीवर बसून महिन्यांच्या हिशेबानें ती निकालांत काढणें, हेंच त्यांनीं केलें.

श्रोतेहो, तुमच्यांपैकीं विमान चालविणारे फार थोडे असतील. मग हें तुम्हांस कशाला सांगावें? कारण तो दबाव कोठून येतो याचें उत्तर पुष्कळ वेळां आपणच असतों. वैमानिक मुलगा, जांवई अथवा मित्र निघण्यापूर्वीं फोन करतो, आणि आपण म्हणतों, "सर्व मंडळी जमली आहे, तुमचीच वाट पाहतों आहों." वाक्य प्रेमाचें असतें; पण ढगाच्या तोंडाशीं तें त्याच्या कानांत घुमतें. त्याऐवजीं आपण इतकेंच म्हणावें: "हवा बरी नसेल तर येऊं नका, आम्ही रागावणार नाहीं." शेजारच्या आसनावर बसलेल्या पाहुण्यानेंही निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें, कीं वाटेंतून परत यावें लागलें तरी मला त्याचें कांहीं वाटणार नाहीं. मोटारीनें रात्रीं घाट उतरणाऱ्यास, पुराच्या पुलावर उभ्या राहिलेल्या एस्. टी. चालकास, होडीवाल्यासही हाच निरोप द्यावा.

कोसळलेल्या विमानाची चौकशी होते, अहवाल निघतो, वर्तमानपत्रांत चित्रें येतात. परत फिरलेल्या विमानाची कोठेंही नोंद होत नाहीं. तें मैदानावर उतरतें, चालविणारा किल्ली काढून घेतो, प्रवासी थोडे खट्टू होऊन घरीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं कदाचित् असेंही कळतें कीं हवा इतकी वाईट नव्हती, जातां आलें असतें. तें ऐकून ज्याला पश्चात्ताप होत नाहीं, तो चांगला वैमानिक. त्यानें निर्णय केला तो आपल्याला दिसत होतें तेवढ्यावरून, आणि माणसाच्या हातीं तेवढेंच असतें.